बायोकेमिस्ट्री शिकून डेअरीच्या लॅबमध्ये का जावं?

एका मुलीने मला विचारलंय, थोडक्यात असं: "ताई, मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलंय. एका औषध कंपनीत आणि एका खासगी डेअरीच्या लॅबमध्ये, अशा दोन ठिकाणी नोकरीचं बोलणं चालू आहे. घरचे आणि आमचे सर म्हणतात, दुधाची फॅट काढायला एमएस्सी कशाला, ते काम बारावी झालेला मुलगाही करतो. अन्नसुरक्षेत बायोकेमिस्टला खरंच काही करण्यासारखं आहे का? आणि बाईमाणसाचा या लाइनीत निभाव लागतो का?"

माझी या कामात तीस वर्षं गेली. सुरुवात एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत झाली, मग सरकारी अन्न प्रयोगशाळेत अन्न विश्लेषक म्हणून काम केलं, आता लहान डेअऱ्यांच्या लॅब उभ्या करून द्यायला आणि तिथल्या मुलामुलींना शिकवायला जाते. त्यामुळे जरा लांबून उत्तर देते.

तुझ्या सरांचं अर्धं बरोबर आहे. फॅट बारावी झालेला मुलगा काढतो, आणि उत्तम काढतो. मला गर्बर पद्धत शिकवली ती दहावीनंतर शाळा सोडलेल्या एका काकांनी. ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या खुणा केलेल्या काचेच्या बाटलीत, आधी 10 मिली सल्फ्युरिक आम्ल, मग 10.75 मिली दूध, तेही काचेच्या कडेने हळूहळू सोडायचं, म्हणजे ते आम्लावर थर धरून बसतं, जळत नाही. वर 1 मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून फडक्यात धरून हलवलं की बाटली हातात धरवत नाही इतकी तापते आणि दूध बघता बघता तपकिरी होतं. मग सेंट्रिफ्यूज, मग 65 अंशांच्या पाण्यात, आणि शेवटी दांडीवर पिवळा पारदर्शक खांब. खांबाच्या बुडाशी काळे कण दिसले तर काका म्हणायचे, "आम्ल कडक झालंय, वाचू नको, पुन्हा लाव." पांढरट काही तरंगत असलं तर आम्ल मऊ पडलंय. हे डोळ्याचं शिक्षण कुठल्याही पदवीत मिळत नाही आणि ते आधी घे. यंत्रं पुढे आयुष्यभर आहेतच.

बायोकेमिस्ट लागतो तो आकडा आल्यानंतर. तो आकडा असा का आला, आणि तो ज्याच्यावर लागू होणार आहे त्याच्याबद्दल तो खरं बोलतोय का, हे सांगायला.

उदाहरण सांगते. मी संघात लागून दोनेक वर्षं झाली असतील. एप्रिल-मेचे दिवस. एका गावच्या संस्थेतून एका बाईचं दूध सलग तीन दिवस परत गेलं. दोन गाई, घरात दुसरं उत्पन्न नाही. फॅट लागत होती, पण डिग्री, म्हणजे दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरचं वाचन, बसत नव्हती. एसएनएफ 8.0 च्या आसपास येत होतं आणि तेव्हा आमच्याकडे गाईच्या दुधाला 8.5 ची अट होती. संस्थेच्या फळ्यावर तिच्या नावापुढे "पाणी" असं खडूने लिहिलं होतं. गावात त्या एका शब्दाचा अर्थ काय होतो, हे तुला सांगायला नको. चौथ्या दिवशी ती चरवी घेऊन एसटीने थेट आमच्या लॅबच्या दारात आली. रडत नव्हती. म्हणाली, "माझ्या गोठ्यात या, तुमच्या हातानं पिळा, आणि मग बोला."

एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात जे उरतं ते: प्रथिनं, लॅक्टोज, क्षार. ते कमी येण्याची कारणं अनेक. पाणी घातलं हे त्यातलं एक, आणि लॅक्टोमीटरला ही कारणं वेगळी करून दाखवता येत नाहीत. गोठणबिंदूला येतात. दूध कासेत रक्तापासून तयार होतं आणि दोघांचा परासरण दाब सारखा राहावा लागतो. हा तोल मुख्यतः लॅक्टोज आणि क्लोराइड सांभाळतात. दगडी, म्हणजे कासेचा दाह, झालेल्या गाईत लॅक्टोज घटतं तर क्लोराइड वाढून ती जागा भरून काढतं, म्हणून दुधाची चव खारट लागते. परिणाम असा की गाय कुठलीही असो, चारा कसाही असो, दुधाचा गोठणबिंदू शून्याखाली 0.54 अंशांच्या आसपासच राहतो, फारसा हलत नाही. बाहेरून घातलेल्या पाण्याला मात्र हा तोल नसतो. त्या बाईचं एसएनएफ केवळ पाण्यामुळे 8.5 वरून 8.0 वर आलं असतं, तर दुधात सहाएक टक्के पाणी असतं आणि गोठणबिंदू शून्याखाली 0.51 पर्यंत वर सरकला असता.

आम्ही गोठ्यावर गेलो, समोर धार काढून नमुना घेतला. तिने आणलेलं दूध आणि गोठ्यातलं दूध, दोन्हींचा गोठणबिंदू 0.54 ला. पाण्याचा थेंब नव्हता. दावणीत मात्र नुसता वाळका कडबा होता. पेंड घ्यायला पैसे नव्हते आणि हिरवा चारा फेब्रुवारीतच संपला होता. जनावराला ऊर्जा कमी पडली की दुधातलं प्रथिन आधी खाली येतं. एसएनएफ तिथे गळत होतं. तिला पेंड उधारीवर मिळाली, चार-पाच आठवड्यांत डिग्री बसली. फळ्यावरचा शब्द मी स्वतः ओल्या फडक्याने पुसला आणि संस्थेच्या सचिवांना सांगितलं, की क्रायोस्कोपवर, म्हणजे गोठणबिंदू मोजायच्या यंत्रावर, तपासल्याशिवाय हा शब्द परत लिहायचा नाही.

दूध ही जिवंत जनावरातून आलेली गोष्ट आहे. ते ऋतूने बदलतं, वेताने बदलतं, चाऱ्याने बदलतं. कायद्याला मात्र एक रेघ आखावी लागते, त्याशिवाय कायदा चालत नाही. रेघेच्या अलीकडे-पलीकडे माणसं उभी असतात: एकीकडे शेतकरी, दुसरीकडे सकाळी दूध पिणारं मूल. दोघांपैकी कुणावरही अन्याय होऊ नये म्हणून मध्ये जो माणूस उभा राहतो, त्याला दुधाचं रसायन आतून माहीत असावं लागतं. मला विचारशील तर या क्षेत्रात बायोकेमिस्टची खरी जागा तीच.

आता रेघेबद्दल थोडं, कारण तुला ती रोज लागणार. आपल्याकडे आधी 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान सहा महिने कैदेची तरतूद होती आणि फॅट थोडी कमी भरणं नि दुधात विष सापडणं यांच्यातला फरक फार धूसर होता. 2006 चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2011 च्या ऑगस्टपासून प्रत्यक्ष लागू झाला, आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याने हे प्रकार वेगळे केले. दूध ठरलेल्या दर्जापेक्षा उणं असेल तर ते 'कमी दर्जाचं', त्याला दंड, पाच लाखांपर्यंत, आणि निवाडा न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे. लेबलवर खोटं असेल तर 'मिथ्याछाप'. आणि खाणाऱ्याला इजा करणारं असेल तर 'असुरक्षित', त्याला फौजदारी खटला, माणूस दगावला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. विश्लेषकाने अहवालाच्या तळाशी यातला कुठला शब्द लिहिला, यावर समोरच्याचं पुढचं आयुष्य ठरतं. आज गाईच्या दुधाला देशभर फॅट 3.2 आणि एसएनएफ 8.3 ची किमान मर्यादा आहे, म्हशीच्या दुधाला 5.0 आणि 9.0. खरेदीचा दर मात्र आपल्याकडे अजून 3.5 आणि 8.5 वर काढतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक कायद्याची रेघ, दुसरी व्यापाराची. लोक सर्रास घोळ करतात, तू करू नकोस.

रेघ हवामान नि चारा बघून आखावी लागते, याचं मला आवडणारं उदाहरण तुपाचं आहे. तुपाची शुद्धता बघायला राइशर्ट-माइस्ल मूल्य काढतात. दुधाच्या चरबीत ब्युटिरिकसारखी छोटी, उडून जाणारी आम्लं असतात, वनस्पती तेलात ती जवळजवळ नसतात. मूल्य कमी आलं की भेसळीचा संशय. पण ज्या भागात जनावरांना सरकी भरपूर घालतात तिथल्या अस्सल तुपाचंही मूल्य कमी येतं, कारण सरकीतलं तेल चरबीची घडणच बदलतं. सरकीतली खास मेदाम्लं तुपात उतरतात, त्यामुळे सरकीचं तेल ओळखायची हॅल्फेन चाचणीही होकारार्थी येते. म्हणजे विदर्भातल्या एखाद्या आजीने घरच्या लोण्याचं कढवलेलं तूप दोन-दोन चाचण्यांत 'भेसळयुक्त' ठरू शकतं. म्हणून जुन्या नियमांत कापूस पट्ट्यासाठी तुपाचे निकष वेगळे होते. ते निकष लिहिणाऱ्यांमध्ये कुणीतरी दावणीपर्यंत विचार करणारा माणूस होता.

आता दुसरा प्रसंग, कारण तुझ्या विषयाचा, म्हणजे एन्झाइमचा, सगळ्यात सुंदर उपयोग मी तिथे पाहिला.

कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम असतंच. दूध 72 अंशांवर 15 सेकंद किंवा 63 अंशांवर 30 मिनिटं ठेवलं की ते नष्ट होतं, आणि क्षयाच्या जंतूंना मारायला जेवढी उष्णता लागते त्याहून किंचित जास्त उष्णता त्याला लागते. म्हणजे एन्झाइम मेलं असेल तर जंतूही मेले. जंतू वाढवून बघायला आठवडे लागले असते, ते उत्तर एन्झाइम त्याच दिवशी देतं. के आणि ग्रॅहम यांनी 1930 च्या दशकात ही कसोटी बसवली. पुढे 1949 मध्ये ॲशाफेनबर्ग आणि म्युलन यांनी त्यासाठी पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट वापरायला सुरुवात केली: एन्झाइम जिवंत असेल तर द्रावण पिवळं होतं, नाहीतर पांढरंच राहतं. इतकी सोपी, इतकी विचारपूर्वक बसवलेली चाचणी मला दुसरी माहीत नाही.

माझी रात्रपाळी होती. दीड वाजता पिशवीबंद दुधाचा नमुना 37 अंशांवर लावला आणि अर्ध्या तासात नळी पिवळसर दिसायला लागली. पाश्चरायझरचा तक्ता बघितला तर त्यावर 72 ची रेघ एकदम सरळ, कुठे खाली उतरलेली नाही. पुन्हा लावलं, सोबत उकळलेल्या दुधाची नळी तुलनेला ठेवली. ती पांढरी, आमची पिवळी. पहाटे चारला गाड्या शहराकडे निघायच्या होत्या. पाळीप्रमुख म्हणाले, "तक्ता बरोबर आहे, तुमचं रसायन जुनं झालं असेल." रसायन जुनं असतं तर उकळलेल्या दुधाची नळीही पिवळी झाली असती, हे मी त्यांना नळ्या समोर धरून दाखवलं. तरी ते तयार नव्हते, आणि त्यांची अडचणही मला कळत होती, हजारो घरांत दूध जायचं राहणार होतं. मी गाडीपासच्या कागदावर सही केली नाही. सकाळी इंजिनिअरने प्लेटा उघडल्या. ज्या भागात तापलेलं दूध जाता जाता कच्च्या दुधाला ऊब देतं, तिथल्या एका प्लेटला सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं. त्यातून कच्चं दूध पलीकडे झिरपत होतं. तापमापक त्याच्या जागी खरंच बोलत होता, दूध त्याच्यापासून पुढे गेल्यावर बिघडत होतं. शेकडा अर्धा भागही कच्चं दूध मिसळलेलं नसेल, पण एन्झाइमने ते पकडलं.

बारावी झालेला मुलगाही ती नळी लावू शकतो, हे खरं. पण रात्री दोन वाजता, समोर वरिष्ठ उभा असताना, "तक्ता बरोबर आणि नळीही बरोबर, म्हणजे बिघाड या दोघांच्या मधे आहे" असं म्हणायला ते एन्झाइम कुठे मरतं आणि का मरतं हे पक्कं माहीत असावं लागतं. तुझी पदवी त्या एका वाक्यासाठी आहे.

लोकांना वाटतं भेसळ पकडणं हेच आमचं काम. युरिया, डिटर्जंट, कृत्रिम दूध, दर सणाला हेच विषय. भेसळ होते, मी ती पकडलेली आहे, आणि ती करणाऱ्याबद्दल मला काडीची दया नाही. पण आकडे काय म्हणतात ते बघ. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून द्रव दुधाचे 6,432 नमुने तपासले. आरोग्याला घातक भेसळ निघाली 12 नमुन्यांत: हायड्रोजन पेरॉक्साइड, डिटर्जंट, युरिया, न्यूट्रलायझर सगळं धरून. प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर 77 नमुन्यांत. आणि अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेबाहेर 368 नमुन्यांत. खवा-पनीर यात नव्हतं, तिकडे चित्र वेगळं असू शकतं. पण दुधापुरतं बोलायचं तर मोठा धोका कुणी मुद्दाम घातलेला नाही. तो पेंडीच्या पोत्यातून येतोय.

हे नीट समजून घे, कारण पुढची वीस वर्षं तुझ्या पिढीला यावरच काम करायचं आहे. ओलसर जागी ठेवलेल्या मक्यावर, शेंगदाणा पेंडीवर, सरकी पेंडीवर ॲस्परजिलस बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन बी-1 तयार करते. गाय ती पेंड खाते, यकृतातली सायटोक्रोम पी-450 एन्झाइमं बी-1 वर एक हायड्रॉक्सिल गट चढवतात आणि त्याचं एम-1 होतं. बारा ते चोवीस तासांत ते दुधात उतरतं. तापवून जात नाही, पाश्चरायझेशनने जात नाही. आपल्याकडे दुधात मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे, युरोपात तिच्या दहावा हिस्सा. दिलासा एवढाच, की पेंड बदलली की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. म्हणजे उपाय लॅबमध्ये नाही, गोठ्यातल्या पोत्याखाली लाकडी फळी सरकवण्यात आहे, पावसाळ्यात पेंड भिंतीपासून हातभर लांब ठेवण्यात आहे, वास आला तर ती टाकून देण्यात आहे. मी आता जिथे जिथे जाते तिथे यंत्र बघण्याआधी पेंडीचं गोदाम बघते. आणि शेतकऱ्यावर ओरडून काही होत नाही. त्याला माहीतच नसतं की पोत्यातली बुरशी दुधात जाते. आपल्याला माहीत आहे, तर सांगायचं काम आपलं.

प्रतिजैविकांचंही तसंच. दगडीवर कासेत ट्यूब सोडल्यानंतर ठरावीक दिवस दूध बाजूला काढायचं असतं. त्या दिवसांचं नुकसान कोण सोसणार, हा खरा प्रश्न आहे. काही संघ त्या दुधाचे थोडे पैसे देतात, आणि तिथे लपवाछपवी कमी होते, हा माझा अनुभव. गावात याची पहिली खूण लॅबच्या आधी घरात दिसते: विरजण लागत नाही.

कोर्टाबद्दल कुणी शिकवत नाही, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते. कायद्याने नमुन्याचे चार भाग होतात. एक विश्लेषकाकडे येतो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, चौथा व्यावसायिकाने मागितल्यास मान्यताप्राप्त लॅबला जातो. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. रासायनिक तपासणीच्या दुधात ते टिकावं म्हणून नमुना घेतानाच फॉर्मॅलिन घालतात, 25 मिलीला दोन थेंब. एकदा बचाव पक्षाच्या वकिलांनी मला विचारलं, "फॉर्मॅलिनमुळे फॅट कमी दिसू शकते की नाही?" प्रश्न चांगला होता. फॉर्मॅलिनने केसीन कडक होतं, सल्फ्युरिक आम्लात ते लवकर विरघळत नाही, आणि घाई केली तर फॅट स्वच्छ सुटत नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्ही घाई केली नाही कशावरून?" माझ्या वहीत बाटली पाण्यात ठेवल्याची वेळ, काढल्याची वेळ, पुन्हा फिरवल्याची वेळ आणि दोन्ही वाचनं लिहिलेली होती. वही कोर्टाने पाहिली आणि पुढचा प्रश्न आला नाही. वकिलाचं काम आपल्याला खोटं पाडणं नसतं, आपल्या आकड्याची ताकद तपासणं असतं. तो प्रश्न टाळलास तर अहवाल पडतो. म्हणून वेळ लिही, तापमान लिही, चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी सही कर, खोडरबर टेबलावर ठेवूच नकोस.

आता बाईमाणसाचं. तुझ्या विषयातल्या एका बाईंचं नाव तुला माहीत असेलच, कमला सोहोनी. त्यांचं सगळ्यात जास्त सांगितलं जातं ते 1933 साल: बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारला, त्या हटल्या नाहीत, आणि शेवटी वर्षभर परीक्षा म्हणून घेतलं गेलं. पुढे 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी, वनस्पतींच्या पेशीतल्या सायटोक्रोम सी वर. हे सगळं थोर आहेच. पण मला त्यांचा नंतरचा काळ जास्त जवळचा वाटतो. केंब्रिजहून आलेली बाई डाळी-कडधान्यांच्या प्रथिनांवर आणि नीरेच्या पोषणमूल्यांवर काम करते, मुंबईच्या विज्ञान संस्थेत बायोकेमिस्ट्रीचा विभाग वाढवते, आरे दूध प्रकल्पाला दूध नासू नये म्हणून काय करावं ते सांगते, आणि वय झाल्यावर ग्राहक संघटनेत जाऊन 'कीमत' नावाच्या मासिकात घरच्या बायकांसाठी अन्नाच्या सुरक्षिततेवर लिहिते. त्यांनी दुधाचं काम कधी खालचं मानलं नाही. 'फॅट काढायला एमएस्सी कशाला' असं कुणी म्हटलं की मला त्या आठवतात.

निभाव लागतो, पण फुकट लागत नाही. टँकरवर शिडीने चढावं लागतं, झाकण उघडून प्लंजरने दूध वरखाली ढवळावं लागतं, कारण वर साय असते आणि न ढवळता घेतलेला नमुना खोटा. पहाटे चारला शीतकरण केंद्रावर तू एकटी बाई असशील. माझ्या सुरुवातीच्या काळात दूध उतरवायच्या धक्क्याजवळ बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं, आम्ही तिघी पाणी न पिता पाळी काढायचो. ते मागून घ्यायला आम्हाला दीड वर्ष लागलं. तू ते पहिल्या दिवशी बघ आणि नसेल तर पहिल्या दिवशी माग. गरोदरपणात क्लोरोफॉर्मचं आणि आम्लाचं टेबल बदलून माग, यात संकोच करू नकोस. ड्रायव्हर, संस्थेचे सचिव, केंद्रचालक पहिले काही महिने तुझी परीक्षा बघतील. तुझा आकडा दोनदा बरोबर निघाला की तेच लोक "मॅडमना दाखवून घ्या" म्हणायला लागतात. मी हे अनेक जणींच्या बाबतीत पाहिलंय.

पुढच्या वाटा सांगते. बायोकेमिस्ट्रीची पदवी अन्न सुरक्षा अधिकारी या पदाला चालते, राज्यात जाहिरात निघेल तेव्हा अर्ज कर. अन्न विश्लेषक व्हायचं तर पदव्युत्तर पदवी, अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव आणि मग पात्रता परीक्षा. तू डेअरीत घालवलेली वर्षं तिथे मोजली जातील, अट एवढीच की काम खरोखर तपासणीचं असावं आणि तसं प्रमाणपत्र मिळावं. दूध तंत्रज्ञान मुळापासून शिकायचं तर आपल्याकडे वरुड-पुसद आणि उदगीरला महाविद्यालयं आहेत, संशोधनाकडे वळायचं तर कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था. आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची 'काफ' लॅब आहे, जमेल तेव्हा एकदा बघून ये. अंश-तपासणीची मोठी यंत्रं मन लावून शिक, पण गर्बर आणि क्रायोस्कोप हातात बसल्यानंतर.

औषध कंपनीबद्दल मी वाईट बोलणार नाही. तिथे शिस्त उत्तम शिकायला मिळते आणि सुरुवातीचा पगार बहुतेक जास्त असतो. घरची गरज असेल तर तिकडे जा, दोन वर्षांनी इकडे आलीस तरी दार उघडं आहे. पण तुझा ओढा दुधाकडे नसता तर तू मला विचारलं नसतंस.

तेव्हा त्या खासगी डेअरीत मुलाखतीला जाशील तेव्हा त्यांना एक विचार: नाकारलेल्या दुधाची वही बघायला मिळेल का? प्रत्येक लॅबमध्ये परत पाठवलेल्या दुधाची नोंद असायला हवी: तारीख, टँकर, कारण, कुणी नाकारलं, आणि पुढे त्या दुधाचं काय झालं. वही आणून दिली तर शेवटचा रकाना वाच. तिथे खाडाखोड नसेल, नाकारणाऱ्याची सही असेल आणि त्या सहीच्या वर जाऊन कुणी दूध आत घेतलेलं नसेल, तर पगाराचं बोलून टाक आणि रुजू हो. "अशी वही आमच्याकडे नाही, आमचं दूध कधी परत जातच नाही" असं म्हणाले, तर चहा घे आणि परत ये.